गृहकर्जात बँकेने जास्त घेतले का? हिशेब कसा तपासायचा आणि पैसे परत कसे मागायचे

‘माझा व्याजदर फार आहे’ अशी तक्रार बँकेत रोज कुणीतरी करतो आणि ती रोज तशीच परत जाते. दर किती लावायचा हा बँकेचा धंद्याचा निर्णय आहे, असे म्हणून रिझर्व्ह बँकेचा लोकपालही (बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणारा अधिकारी) ती बाजूला ठेवतो. पण ‘करारात रेपो अधिक २.५० टक्के ठरले होते. १ एप्रिल २०२४ पासून तुम्ही रेपो अधिक ३.०० टक्के लावलेत. डिसेंबरअखेर नऊ हप्त्यांत माझ्याकडून १३,३८५ रुपये जास्त गेले’ असे लिहून दिले, की समोरच्याला एक तर तो आकडा खोडावा लागतो, नाही तर पैसे परत करावे लागतात. रेपो म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना पैसे देते तो दर, आणि त्यावर बँक चढवते तो टक्का म्हणजे स्प्रेड. हा लेख त्या आकड्यापर्यंत कसे पोहोचायचे आणि पुढे तो कुणापुढे ठेवायचा याबद्दल आहे.

आधी ठरवा: तुमच्या कर्जाला कोणता नियम लागतो

बहुतेक तक्रारी इथेच भरकटतात. शेजाऱ्याचा दर उतरला, माझा का नाही, याचे उत्तर पुष्कळदा एवढेच असते की दोघांची कर्जे वेगवेगळ्या पद्धतींतली आहेत.

जुलै २०१० पूर्वीची कर्जे बीपीएलआर या बँकेने स्वतः ठरवलेल्या मूळ दरावर होती. १ जुलै २०१० पासून बेस रेट आला, १ एप्रिल २०१६ पासून एमसीएलआर. १ ऑक्टोबर २०१९ पासून बँकांना नवी फ्लोटिंग, म्हणजे बदलत्या दराची, गृहकर्जे बाहेरच्या निकषाला जोडणे सक्तीचे झाले. तो निकष रेपो दर असू शकतो किंवा सरकारी ट्रेझरी बिलांचा परतावा. व्यवहारात बहुतेक बँकांनी रेपोच घेतला. बीपीएलआर, बेस रेट आणि एमसीएलआर या तिन्हींचा हिशेब बँकेच्या आत होतो, बाहेरच्याला तो पडताळता येत नाही. रिझर्व्ह बँकेच्याच डॉ. जनक राज अभ्यासगटाने २०१७ मध्ये बँका बेस रेट आणि स्प्रेड मनाला येईल तसे ठरवतात असे नोंदवले, आणि त्यातूनच पुढे रेपोशी जोडणी आली. रेपो सगळ्यांना दिसतो, म्हणून तिथे चोरी पकडता येते.

तुमचे कर्ज अजून बेस रेटवर किंवा एमसीएलआरवर असेल, तर ‘बँकेने बेस रेट चुकीचा काढला’ हे सिद्ध करण्यात वर्षे घालवू नका. दंडाशिवाय मुदतपूर्व फेड करण्याचा हक्क असलेल्या कर्जदाराला, म्हणजे फ्लोटिंग दराच्या सर्वसाधारण घरकर्जदाराला, रेपोशी जोडलेल्या दरावर जाता येते. त्यासाठी बँक फक्त वाजवी प्रशासकीय व कायदेशीर खर्च घेऊ शकते. अर्ज करा, पोच घ्या आणि अर्ज करूनही दर बदलला नाही तर त्या तारखेपासूनचा फरक मागा. ही तक्रार टिकते.

गृहवित्त कंपनीकडून कर्ज असेल तर रेपो-जोडणीची सक्ती तिला नाही. ती स्वतःचा प्राइम लेंडिंग रेट वापरते. तिथे रेपो घसरला हा मुद्दा मांडून उपयोग नसतो. हप्त्यांची माहिती, दंड, मुदतपूर्व फेड, वाटपाच्या (कर्जाचे पैसे प्रत्यक्ष देण्याच्या) तारखेपासूनच व्याज हे बाकीचे नियम मात्र तिलाही लागतात. नागरी सहकारी बँकेचेही साधारण तसेच.

कागद

लागणारे कागद मोजके आहेत, पण सगळे हवेत: मंजुरीपत्र, सही केलेला कर्जकरार परिशिष्टांसकट, महत्त्वाच्या अटींचे पत्रक, १ ऑक्टोबर २०२४ नंतरचे कर्ज असेल तर केएफएस (की फॅक्ट स्टेटमेंट, म्हणजे दर व शुल्कांचा गोषवारा), पहिल्या वाटपापासून आजपर्यंतचा खातेउतारा आणि दरबदलांचा (रीसेटचा) इतिहास.

शेवटचे दोन मिळवताना घोटाळा होतो. काउंटरवर ‘स्टेटमेंट द्या’ म्हटले की चालू आर्थिक वर्षाचे व्याज प्रमाणपत्र हातात पडते. ते आयकरासाठी असते, त्यात दर नसतो. नेमके असे मागा: ‘कर्ज खाते क्रमांक अमुक, पहिल्या वाटपाच्या दिनांकापासून आजपर्यंतचा संपूर्ण खातेउतारा, प्रत्येक नोंदीच्या तारखेसह, आणि प्रत्येक रीसेटचा दिनांक, निकष दर, स्प्रेड व अंतिम दर दाखवणारा तक्ता.’ हे ईमेलने मागा. करार हरवला असेल तर प्रत मागा. सही झालेल्या कराराची परिशिष्टांसह प्रत कर्जदाराला देणे हे बँकेचे कामच आहे.

स्प्रेड: सगळ्यात जास्त पैसे इथे जातात

रेपोशी जोडलेल्या कर्जाचा दर म्हणजे रेपो अधिक स्प्रेड. रेपो बँकेच्या हातात नाही. म्हणून प्रत्येक रीसेटच्या दिवशी लावलेल्या दरातून त्या दिवशी लागू असलेला रेपो वजा करा. उरतो तो स्प्रेड, आणि तो मंजुरीपत्रातल्या स्प्रेडइतकाच आला पाहिजे.

रेपोच्या तारखा हाताशी ठेवा. २७ मार्च २०२० ला ४.४०, २२ मे २०२० ला ४.००. मग दोन वर्षे हालचाल नाही. ४ मे २०२२ ला ४.४०, ८ जूनला ४.९०, ५ ऑगस्टला ५.४०, ३० सप्टेंबरला ५.९०, ७ डिसेंबरला ६.२५ आणि ८ फेब्रुवारी २०२३ ला ६.५०. पुन्हा दोन वर्षे तिथेच. ७ फेब्रुवारी २०२५ ला ६.२५, ९ एप्रिलला ६.००, ६ जूनला ५.५० आणि ५ डिसेंबर २०२५ ला ५.२५.

आता सुरुवातीचे उदाहरण जवळून पाहू. कर्ज ऑक्टोबर २०२२ मधले. रेपो ५.९०, मंजूर दर ८.४०, म्हणजे स्प्रेड २.५०. फेब्रुवारी २०२३ नंतर रेपो ६.५०, तर दर ९.०० हवा. उताऱ्यात मार्च २०२४ पर्यंत ९.०० आहे आणि एप्रिलपासून ९.५० दिसतो. या काळात रेपो हललेलाच नाही. मग हा अर्धा टक्का आला कुठून?

बँक दोनच रस्ते दाखवू शकते. पहिला: जोखीम प्रीमियम वाढला. तो वाढवता येतो, पण कर्जदाराच्या पतमूल्यांकनात मोठा बदल झाला असेल तरच आणि करारात तसे ठरलेले असेल तरच. म्हणून विचारा: मूल्यांकन कोणत्या तारखेला झाले, आधीचा सिबिल स्कोअर किती, नंतरचा किती, आणि करारातले कोणते कलम? नुसते ‘सिस्टिमने बदलले’ हे उत्तर नव्हे. दुसरा रस्ता: कामकाजाचा खर्च वगैरे स्प्रेडचे इतर घटक. हे तीन वर्षांतून एकदाच बदलता येतात. ऑक्टोबर २०२२ चे कर्ज एप्रिल २०२४ मध्ये दीड वर्षाचेच होते. ऑक्टोबर २०२५ पासून रिझर्व्ह बँकेने ही तीन वर्षांची अट सैल केली आहे, पण ती ग्राहकाच्या फायद्यासाठी, म्हणजे स्प्रेड कमी करण्यासाठी. वाढवण्यासाठी कुणी ती पुढे केली तर मूळ मजकूर दाखवायला सांगा.

इथे तीन गोष्टींची गल्लत होते.

रेपो उतरल्या दिवशीच दर उतरत नाही. रीसेट किमान तीन महिन्यांतून एकदा व्हायला हवा, एवढाच नियम आहे. तुमचा रीसेट १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर असा असेल तर ९ एप्रिल २०२५ ची कपात तुम्हाला १ जुलैलाच मिळणार. मधले अडीच-पावणेतीन महिने जादा आकारणी म्हणून मागू नका. एक चुकीचा दावा बाकीच्या तीन बरोबर दाव्यांना बुडवतो. मात्र दर वाढताना पुढच्याच महिन्यात वाढवला आणि उतरताना तिमाहीची वाट पाहिली असेल, तर करारातल्या रीसेटच्या कलमाशी ते ताडून पाहा. कलम एकच असते, ते दोन्ही वेळा सारखेच वापरायला हवे.

नव्या ग्राहकाला कमी स्प्रेड देणे बेकायदा नाही. राग येतो, पण ती तक्रार नाही, ती घासाघीस आहे. दुसऱ्या बँकेचे मंजुरीपत्र टेबलावर ठेवून ‘स्प्रेड कमी करा, नाही तर कर्ज हलवतो’ असे सांगणे हा त्यावरचा उपाय. अनेकदा अर्ध्या तासात काम होते.

आणि पहिल्या वर्षाची सवलत. ‘महिला कर्जदार ०.०५ टक्के’, ‘पगार खाते इथे असेल तर अमुक’, ‘विमा घेतल्यास तमुक’ अशा सवलती स्प्रेडमध्ये मिसळलेल्या असतात. नोकरी बदलली, पगार दुसऱ्या बँकेत जाऊ लागला, की ती सवलत काढली जाते आणि स्प्रेड वाढल्यासारखा दिसतो. मंजुरीपत्रात ही अट आहे का ते आधी वाचा.

हप्ता तोच, मुदत मात्र लांबलेली

२०२२-२३ मध्ये दर वाढले तेव्हा बहुसंख्य कर्जदारांचा हप्ता हललाच नाही. लोकांना वाटले, बरे झाले. डिसेंबर २०२० मध्ये ७ टक्क्यांनी २० वर्षांसाठी घेतलेल्या ४० लाखांचा हप्ता ३१,०१२ रुपये येतो. फेब्रुवारी २०२३ नंतर त्याच ३ टक्के स्प्रेडने (७ वजा तेव्हाचा रेपो ४) दर ९.५० होतो. मध्ये थोडी रक्कम आगाऊ भरून मुद्दल ३८ लाखांवर आणले असे धरले, तरी महिन्याचे व्याज ३०,०८३ रुपये. म्हणजे ३१,०१२ च्या हप्त्यातून मुद्दलाला जातात ९२९ रुपये. या गतीने कर्ज फिटायला सुमारे ४४५ हप्ते लागतात: ३७ वर्षे. ठरलेल्या मुदतीतले उरलेले हप्ते होते २१४. तेवढ्यातच संपवायचे तर हप्ता सुमारे ३६,९०० करायला हवा होता. मुद्दल ४० लाखच असते तर महिन्याचे व्याज ३१,६६७ झाले असते, हप्त्याहून जास्त, आणि कर्ज फिटण्याऐवजी वाढत गेले असते.

१८ ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकाने याला वेसण घातली आणि जुन्या कर्जांनाही ३१ डिसेंबर २०२३ पर्यंत ते लागू करायला सांगितले. दर रीसेट होताना हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची, की दोन्ही थोडे-थोडे, हे कर्जदाराने निवडायचे. काही भाग किंवा पूर्ण कर्ज आगाऊ फेडण्याची मुभा कायम. मुदत इतकी वाढवायची नाही की हप्त्यातून व्याजही निघणार नाही. आणि दर तिमाहीला उतारा: आजवर वसूल झालेले मुद्दल व व्याज, हप्ता, उरलेले हप्ते, वार्षिक दर.

तपासायचे असे: एक्सेलमध्ये एनपीईआर या फंक्शनला मासिक दर, हप्ता उणे चिन्हासह आणि शिल्लक मुद्दल द्या, उत्तर उरलेल्या हप्त्यांची संख्या. ती बँकेच्या उताऱ्यातल्या संख्येशी जुळते का पाहा. त्यानंतर प्रश्न एकच: मुदत वाढवताना मला कधी विचारले? एसएमएस पाठवला असेल तर त्याची तारीख आणि मजकूर मागा. लक्षात ठेवा, लांबलेल्या मुदतीचे सगळे व्याज परत मिळेल अशी आशा धरू नका, कारण ते वापरलेल्या पैशावरचे व्याज आहे. मागायचे ते हे: मूळ मुदत पूर्ववत करा, त्याचा नवा हप्ता सांगा, आणि दर उतरल्यानंतरही मुदत खाली आणली नसेल तर ती आणा. दर कमी झाल्यावर मुदत आपोआप कमी होईल हे गृहीत धरू नका. खरे तर ही तपासणी रेपो वर जाताना सगळे करतात आणि खाली येताना कुणीच करत नाही.

वाटपाच्या आधीचे व्याज

रीसेलचा फ्लॅट घेताना हे हमखास घडते. बँक १ तारखेचा पे-ऑर्डर काढते. विकणाऱ्याच्या सोसायटीची एनओसी रखडते, दुय्यम निबंधकाकडे वेळ मिळत नाही, आणि पे-ऑर्डर प्रत्यक्षात हातात पडतो १२ तारखेला. व्याज मात्र १ तारखेपासून लागते. ३० लाखांवर ८.५० टक्क्यांनी ११ दिवसांचे ७,६८५ रुपये.

२९ एप्रिल २०२४ च्या परिपत्रकात रिझर्व्ह बँकेने अशाच प्रकारांवर बोट ठेवले: मंजुरीच्या किंवा कराराच्या तारखेपासून व्याज लावणे, धनादेश दिला नसताना त्यावरच्या तारखेपासून व्याज मोजणे, महिन्याच्या मध्ये वाटप किंवा परतफेड झाली तरी अख्ख्या महिन्याचे व्याज घेणे, एक-दोन हप्ते आगाऊ कापून घेऊन व्याज मात्र पूर्ण रकमेवर लावणे. तपासणीत सापडले तिथे हे पैसे परत करायला लावले आहेत, असेही त्यात आहे. तुमचा पुरावा म्हणजे पे-ऑर्डर स्वीकारल्याची विकणाऱ्याची सही व तारीख असलेली पोच. दस्तनोंदणीच्या दिवशी ती घ्यायला विसरू नका. बांधकाम चालू असलेल्या इमारतीत प्रत्येक स्लॅबच्या वाटपाला हाच हिशेब लावा: बिल्डरच्या खात्यात रक्कम जमा झाल्याची पावती आणि उताऱ्यातली डेबिटची तारीख शेजारी ठेवा.

आगाऊ फेडीतही अशीच मेख असते. तुम्ही २ लाख भरता, बँक ते ‘ॲडव्हान्स हप्ते’ म्हणून बाजूला ठेवते आणि मुद्दल कमी करत नाही. भरण्याच्या स्लिपवरच ‘मुद्दलात जमा’ असे लिहा आणि दुसऱ्या दिवशी शिल्लक तपासा.

शुल्के, पटापट

फ्लोटिंग दराच्या घरकर्जावर व्यक्तीकडून मुदतपूर्व फेडीचा दंड बँकांना जून २०१२ पासून मना आहे. पैसे कुठून आणले हे विचारायचा प्रश्नच नाही.

हप्ता चुकल्याबद्दल ‘दंड व्याज’ घेण्याची पद्धत बंद झाली. नव्या कर्जांना १ एप्रिल २०२४ पासून, जुन्यांना उशिरात उशिरा ३० जून २०२४ पर्यंत. आता ते दंडशुल्क असते, आणि ते मुद्दलात मिळवून त्यावर पुन्हा व्याज लावता येत नाही. उताऱ्यात दंडाची नोंद डेबिट होऊन शिल्लक वाढली आणि पुढचे व्याज त्या वाढलेल्या शिलकेवर निघाले, तर नियम मोडला. या दंडावर जीएसटीही लागत नाही; जानेवारी २०२५ मध्ये जीएसटी विभागानेच तसे स्पष्ट केले आहे. रक्कम छोटी असते, पण अशी चूक सापडली की बाकीच्या उताऱ्याकडेही संशयाने पाहावे.

केएफएसमध्ये नसलेले शुल्क तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय घेता येत नाही. सेरसाय (गहाण मालमत्तांची केंद्रीय नोंदवही) नोंदणीचे सरकारी शुल्क ५ लाखांवरच्या कर्जाला १०० रुपये अधिक जीएसटी. त्या नावाखाली त्याहून जास्त रक्कम कापली असेल तर विचारा. महाराष्ट्रात नोटीस ऑफ इंटिमेशन (गहाणाची सरकारकडे द्यायची सूचना) आणि मुद्रांक शुल्काचे पैसे सरकारजमा होतात, त्याचे चलन मागा. चलनातल्या रकमेपेक्षा जे जास्त घेतले ते एजंटाचे.

विमा हा यातला सगळ्यात महागडा प्रकार. एकरकमी हप्त्याचा जीवनविमा कर्जातच मिळवला जातो आणि वीस वर्षे त्यावर व्याज जाते. सक्ती करता येत नाही. पॉलिसी हातात आल्यापासून ३० दिवसांच्या आत ती परत करता येते. मुदत गेली असेल तर संमतीच्या कागदावरची सही आणि तारीख मागवा.

जादा रक्कम काढण्याचा तक्ता

एक्सेल किंवा साधी वही, काहीही चालेल. रकाने असे: हप्त्याची तारीख, त्या महिन्याची सुरुवातीची शिल्लक, रेपो, करारातला स्प्रेड, हवा तो दर, लावलेला दर, फरक आणि जादा व्याज. मासिक शिलकेवर व्याज असेल तर शिल्लक गुणिले फरक भागिले १२. रोजच्या शिलकेवर असेल तर भागिले ३६५ गुणिले दिवस. कोणती पद्धत ते करारात असते, आणि ते न पाहता केलेला हिशेब बँक पहिल्या फटक्यात खोडते.

सुरुवातीच्या उदाहरणात शिल्लक ३६ लाख, हप्ता ३६,००० आहे. पहिल्या महिन्यात जादा व्याज १,५०० रुपये. दुसऱ्या महिन्यात शिल्लक ३५,९२,५००, जादा १,४९७. असे करत नवव्या महिन्याला बेरीज १३,३८५. पुष्कळ लोक १,५०० गुणिले ९ असे १३,५०० लिहून मोकळे होतात. फरक ११५ रुपयांचा, पण बँकेला ‘ग्राहकाचा हिशेब चुकीचा’ असे लिहायला तेवढे पुरते.

मागणी दोन प्रकारे करता येते: जादा रक्कम रोख परत, किंवा ज्या-ज्या तारखेला घेतली त्या-त्या तारखेपासून मुद्दलात जमा करून खात्याची फेरगणना. दुसरी मागणी जास्त फायद्याची, कारण जादा गेलेल्या पैशावरचे व्याजही त्यात सुटते.

पत्र

शाखेत तोंडी बोलणे हरकत नाही, पण घड्याळ लेखी तक्रारीपासूनच चालू होते. पत्र एका पानाचे ठेवा, तक्ता जोडा. मजकूर साधारण असा:

‘कर्ज खाते क्र. —. मंजुरीपत्र दि. — नुसार दर रेपो अधिक २.५० टक्के. दि. १.४.२०२४ पासून रेपो ६.५० असताना ९.५० टक्के दर लावला आहे. स्प्रेड ०.५० टक्क्याने वाढवण्याचे कारण, करारातील कलम व पतमूल्यांकनाचा दिनांक मला कळवलेला नाही. सोबतच्या तक्त्यानुसार एप्रिल ते डिसेंबर २०२४ या काळात १३,३८५ रुपये जादा वसूल झाले. ही रक्कम मूळ तारखांपासून मुद्दलात जमा करून सुधारित खातेउतारा द्यावा व स्प्रेड २.५० टक्के करावा.’

एवढेच. ‘लूट’, ‘फसवणूक’, ‘न्यायालयात खेचीन’ हे शब्द वगळा. ते वाचले की फाइल विधी विभागाकडे जाते आणि हिशेब कुणी बघतच नाही. तक्रार बँकेच्या तक्रार-पोर्टलवर टाकून क्रमांक घ्या. शिवाय संकेतस्थळावर दिलेल्या नोडल अधिकाऱ्याला ईमेल करा. बँकेने तक्रार पूर्ण किंवा अंशतः फेटाळायची ठरवली तर ती आधी अंतर्गत लोकपालाकडे जावी लागते. उत्तरात त्याचा उल्लेख नसेल तर विचारा.

एक अडचण हल्ली येते. नोव्हेंबर २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने हजारो परिपत्रके २४४ निर्देशांत एकत्र केली. त्यामुळे ‘तुम्ही दिलेले परिपत्रक रद्द झाले आहे’ असे उत्तर मिळू शकते. तरतूद नव्या निर्देशांत उतरलेली असते. आणि जी आकारणी जुने परिपत्रक चालू असताना झाली, तिला ते लागू होतेच.

लोकपालाकडे

बँकेला लेखी तक्रार करून ३० दिवस झाले आणि उत्तर नाही, किंवा उत्तर पटले नाही, की रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. २०२१ च्या योजनेत त्यासाठी उत्तर मिळाल्यापासून एक वर्षाची मुदत होती. उत्तरच नसेल तर तक्रारीच्या तारखेपासून एक वर्ष ३० दिवसांची. चालू योजनेतली मुदत पोर्टलवर पाहून घ्या. शिवाय बँकेकडची मूळ तक्रार कायद्याच्या मुदतीत झालेली हवी, म्हणून जुनी आकारणी कळली की तीन वर्षे सरायची वाट पाहू नका.

तक्रार सीएमएस डॉट आरबीआय डॉट ओआरजी डॉट इन या पोर्टलवर, नाहीतर टपालाने चंदीगडच्या सेक्टर १७ मधल्या केंद्रीय प्रक्रिया केंद्राकडे. शुल्क नाही. १४४४८ वर मराठीतूनही माहिती मिळते. वकिलामार्फत केलेली तक्रार घेतली जात नाही. स्वतः करा किंवा अधिकृत प्रतिनिधीमार्फत, परदेशात असलेल्या कर्जदाराला हे सोयीचे. १२ नोव्हेंबर २०२१ ला सुरू झालेल्या योजनेत झालेल्या नुकसानीपोटी २० लाखांपर्यंत आणि मनस्ताप व वेळेपोटी १ लाखापर्यंत भरपाईची तरतूद होती. भरण्याआधी पोर्टलवर चालू योजनेचा मजकूर वाचून घ्या.

तक्रारी नाकारल्या जातात त्या बहुधा तीन कारणांनी. बँकेकडे आधी तक्रारच केलेली नसते, किंवा ३० दिवस व्हायच्या आत पोर्टलवर भरलेली असते. विषय न्यायालयात वा ग्राहक आयोगात चालू असतो. किंवा मागणीच ‘दर कमी करा’ अशी असते. म्हणून पोर्टलवरच्या विषयाच्या चौकटीत ‘कराराविरुद्ध स्प्रेडवाढ, जादा व्याज परत मिळणे’ असे लिहा, आणि बँकेची पोच व तक्ता जोडा. निवाडा तुमच्या बाजूने लागला तर तो मान्य असल्याचे ३० दिवसांत कळवावे लागते. हे न केल्याने हातातले गेलेले पैसे ही सर्वांत वाईट गमावणूक.

गृहवित्त कंपनीविरुद्धची तक्रार या लोकपालाकडे जात नाही, ती नॅशनल हाउसिंग बँकेच्या ग्रिड्स या तक्रार-पोर्टलवर. ग्राहक आयोग हा दोन्हींसाठी खुला रस्ता आहे, दोन वर्षांच्या मुदतीचा. ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल करता येतो. पण तिथे तारखा पडतात. रक्कम लाखात असेल, विमा गळ्यात मारला असेल किंवा साक्षीपुराव्याचा वाद असेल तर आयोग. नुसता हिशेबाचा वाद असेल तर लोकपाल बरा.

या काळात हप्ता चालू ठेवा

वाद आहे म्हणून हप्ता थांबवणे ही सगळ्यात महाग चूक. नव्वद दिवस थकले की खाते अनुत्पादक (एनपीए) होते, सिबिल घसरतो, आणि थकलेल्या कर्जाचे तारण जप्त करू देणाऱ्या सरफेसी कायद्याखालची ६० दिवसांची नोटीस येऊ शकते. मग स्प्रेडचा वाद मागे पडतो आणि तुम्ही थकबाकीदार म्हणून बोलू लागता. शिवाय घसरलेला स्कोअर हेच बँकेला जोखीम प्रीमियम वाढवायला आयते कारण मिळते. हप्ता भरताना ‘हक्क राखून’ असा एक ईमेल पाठवून ठेवा.

कर्ज संपवताना फोरक्लोजर लेटरमधल्या प्रत्येक ओळीवर बोट ठेवून पाहा; जुने, विसरलेले दंडशुल्क तिथे अचानक उगवते. त्या दिवशी घाई असते, म्हणून लोक भरून टाकतात. भरा, पण ‘वादग्रस्त रक्कम’ असे लिहून भरा आणि तक्रार करा. पूर्ण फेड झाल्यापासून ३० दिवसांत मूळ दस्त परत मिळाले पाहिजेत आणि बोजा उतरला पाहिजे. १ डिसेंबर २०२३ नंतरच्या प्रकरणांत उशीर बँकेमुळे झाला तर दिवसाला ५,००० रुपये. दस्त हरवले असतील तर बँकेला आणखी ३० दिवस मिळतात आणि दुय्यम प्रती काढण्याचा खर्चही तिचाच. दस्त ताब्यात घेताना मंजुरीच्या वेळी बँकेने दिलेल्या यादीशी एकेक पान जुळवा, इंडेक्स टू आणि आधीच्या खरेदीखतांची साखळीसुद्धा, आणि यादी पूर्ण झाल्याशिवाय पोचेवर सही करू नका.